माशाचा चावा

"'...आणि भिकूने त्या चिमुरडीला आपल्या फळीवर ओढून घेतलं,'" माणिक सरांनी वाचलं आणि पान उलटलं. "'पण तेवढ्यात डोंगराएवढी लाट आली...'"

"थांबा सर," भिकाजी म्हणाला. "लाट नव्हती."

पार्वती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. नवऱ्याची ती बुडालेल्या बोटीची गोष्ट तिला पाठ होती. घाटकोपरच्या अख्ख्या चाळीला पाठ होती. आता सर त्या गोष्टीची शाळेच्या पोरांसाठी कादंबरी करत होते. उद्या वही छापखान्यात जायची होती. पुस्तक निघालं की भिकाजीला शाळेत शाल घालणार होते.

"लाट आली असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. चाळीस वर्षं तेच सांगतोय. खोटं आहे ते. फळी एका माणसापुरती होती. ती पोर लटकली तशी फळी बुडायला लागली. मी तिची बोटं सोडवली. एकेक करून."

सरांनी चष्मा काढला. "भिकाजीराव, मुलं वाचणार हे. त्यांना धैर्याची गोष्ट हवी."

"सोळा वर्षांचा होतो मी. जगायचं होतं, बस. त्याला धैर्य कशाला म्हणता?"

"बरं. मग तो मासा चावल्याचा प्रसंग तरी राहू दे."

भिकाजीने बाही वर सारली. मनगटावर पांढरे वण होते, अर्धगोल वळलेले. पावसाळ्यात ते ठणकायचे. पार्वती तीस वर्षं त्यांवर तेल चोळत आली होती, त्या मेल्या माशाला शिव्या घालत.

"बोटं सुटली तेव्हा तिने दातांनी धरलं," तो म्हणाला. "हे लिहा."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "हे नाही छापता येणार."

"मग शालही माशालाच घाला."

सर वही काखेत मारून उठले. चपला घालून गॅलरीतून निघून गेले.

पार्वतीने सूप बाजूला ठेवलं. नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि वणांवरून बोट फिरवलं. मध्येच बोट थांबलं. तिथे एका दाताएवढी कातडी साफ होती.

"पुढचा पडला होता तिचा," ती म्हणाली. "दुधाचा. सहा-सात वर्षांची असेल."



पार्वतीने त्याचा हात सोडला.