पडद्यावरचं चंद्रपूर

केतकीने एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आपल्या प्रोग्रॅमला जोडली आणि घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या इंटरनेट जोडणीचे आयपी पत्ते तिच्याकडे सोपवले. कोण कुठल्या शहरातून काम करतोय, हे ती लायब्ररी चुटकीसरशी सांगू लागली. सगळ्यांपुढे पुणे उमटलं, फक्त संदेश मेश्रामपुढे चंद्रपूर.

"पुण्यातच राहायचं, असं ठरलं होतं. आजच काढून टाकतो त्याला," कंपनीचे मालक गुंडेचा सर म्हणाले.

"थांबा सर. हा नुसता अंदाज असतो." केतकीने सरांच्याच मोबाइलचा आयपी पत्ता लायब्ररीला दिला. पडद्यावर चेन्नई उमटलं. पुण्यातल्या खुर्चीत बसलेले सर आधी चिडले, मग हसले. "म्हणजे याचा काही भरवसा नाही म्हणा की! राहू दे बिचाऱ्याला."

एका निर्दोष माणसाची नोकरी वाचवल्याच्या समाधानात केतकीने संदेशला फोन करून झाला प्रकार सांगितला.

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मॅडम, ते बरोबरच दाखवतंय," तो म्हणाला. "मी चंद्रपूरलाच आहे. आईला लकवा मारलाय, उचलून बसवावं लागतं. तिचं करायला दुसरं कोणी नाही. सरांना सांगाल का तुम्ही?"

"आईंना जपा," एवढंच म्हणून केतकीने फोन ठेवला. मग प्रोग्रॅम उघडून तिने अहवालातला शहराचा रकाना काढून टाकला आणि देशाचा तेवढा ठेवला. संदेश भारतात होता, यात काहीच खोटं नव्हतं.