तळाची फळी

"तळाला कुजकं प्लायवूड?" मी विचारलं. "मयताच्या घरच्यांनी सागाची शवपेटी सांगितलीय."

रविवारी चर्चच्या मंडळीत दानाची थैली फिरवणारे मालक हसले. "माती पडल्यावर कोण बघतंय, योनाथान? तुझ्या बायकोच्या पेटीलाही हाच तळ होता. तुला तरी कुठं कळलं?"

माझी सुवार्ता गेली तेव्हा पेटी यांनीच करून दिली होती. मी यांचे हात धरून आभार मानले होते.

हातोडा माझ्या मुठीत होता आणि नजर त्यांच्या कपाळावर. पण रोज मी कामावर निघालो की सुवार्ता मला शास्त्रातून वाचून दाखवायची, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून करा. मी पेटी उलटी केली, तळ उखडला आणि सागाची फळी आणली.

"पगार कोण देतं तुला?" मालक ओरडले.

"तुम्हीच. आता हे टोक धरा."