दुरुस्ती

रंगाऱ्याची चूक काही सापडत नव्हती. खर्जकाका हातात लाकडी हातोडी घेऊन, सूप निवायला टाकून कान टवकारून बसले होते, आणि तो पठ्ठ्या चौथऱ्यावरून ओळीमागून ओळ वाचत चालला होता, जणू ते पुस्तक त्याच्याच घरी लिहिलं होतं.

मठात जेवताना बोलायचं नाही. एकाने उभं राहून जुन्या काळच्या ख्रिस्ती संन्याशांच्या गोष्टी वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं. वाचणारा चुकला की हातोडीवाल्याने टेबलावर टकटक करून बरोबर शब्द सांगायचा. मग वाचणाऱ्याने गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावायचं आणि ओळ पुन्हा वाचायची. हातोडीवाल्यापुढे जेवणघरात खुद्द मठाधिपतींनीही तोंड उघडायचं नाही, असा शिरस्ता.

गेल्या हिवाळ्यापर्यंत चौथरा खर्जकाकांचा होता. भारदस्त आवाजामुळेच त्यांना हे नाव पडलेलं. मग त्यांचा घसा बसला. मठाधिपती म्हणाले, "घसा सुटेपर्यंत हा वाचेल," आणि नुकत्याच आलेल्या, पूर्वी लोकांची घरं रंगवणाऱ्या या तरुणाला वर चढवलं. घसा सुटला, पण चौथऱ्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. खर्जकाकांच्या हाती हातोडी आली.

खर्जकाका वाचत तेव्हा चमचे वाजत. आता वाजत नव्हते. आचारी तर पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत दारात येऊन उभा राहायचा. इतक्या वर्षांत खर्जकाकांसाठी तो एकदाही चुलीपासून हलला नव्हता.  रोज सकाळी काका क्रुसापुढे गुडघे टेकून म्हणत, प्रभू, माझ्या मनातला हेवा काढून टाक. आणि दुपारी त्याच प्रभूला म्हणत, याची जीभ एकदा तरी अडखळू दे.

आज वाळवंटातल्या दोन संन्याशांची गोष्ट होती. म्हाताऱ्याला सोडून लोक तरुणाकडेच सल्ल्याला येऊ लागले, अशी. हे पान वर्षातून एकदाच येई. रंगारी सोडून सगळ्यांनी ते खर्जकाकांच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

"लोकांनी म्हाताऱ्याला विचारलं, हा तुझा कोण?" रंगारी वाचत होता. "म्हातारा म्हणाला, हा माझा भाऊ."

टकटक.

हातोडी पडल्यावरच काकांना कळलं की ती आपणच मारली. रंगारी थांबला. सगळे थांबले. आता शब्द द्यायला हवा होता.

"चाकर," खर्जकाका म्हणाले. "हा माझा चाकर."

मठाधिपतींचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग नजर ताटलीकडे वळवली. रंगारी खाली उतरला, गुडघे टेकले, जमिनीला कपाळ लावलं. वर चढून त्याने तितक्याच गोड आवाजात वाचलं, "म्हातारा म्हणाला, हा माझा चाकर." त्यानंतर कोणी फारसं जेवलं नाही.

वाचणारा सगळ्यांच्या मागून जेवतो. खर्जकाका स्वयंपाकघरात गेले तेव्हा रंगारी एकटाच पाव बुडवून खात होता. काय बोलायचं ते काकांनी वाटेत जुळवून आणलं होतं.

"मघाची ती टकटक..."

"बरं झालं काका, तुम्ही होतात," रंगारी म्हणाला. "पुस्तकात भाऊच लिहिलंय हो. मी दोनदा बघितलं. मग म्हटलं, तुम्ही टोकलंत म्हणजे पुस्तकच चुकलं असणार. केली दुरुस्ती."

"केली? कुठे?"

"पानावर. आधीच्यांनी केल्यात तशीच. पुढच्यांनी तरी बरोबर वाचायला हवं ना?"

खर्जकाका जेवणघरात परतले आणि चौथरा चढले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. पुस्तक उघडंच होतं. भाऊ या शब्दावर एक सरळ, बारीक रेघ, आणि वर काळ्या शाईत चाकर. अक्षर मूळ अक्षरापेक्षा देखणं होतं. तेवढ्यातही ते त्यांना खुपलं.

त्यांनी मागचं पान उलटलं. तिथेही एक दुरुस्ती होती, शाई विटून तपकिरी झालेली, कधीच मातीआड गेलेल्या कुणाच्या तरी हातची. प्रभूच्या टेबलाशी सगळ्यांना जागा आहे, या ओळीतल्या सगळ्यांना या शब्दावर रेघ होती आणि वर लिहिलं होतं, लायकांना. ती ओळ खर्जकाकांनी दरवर्षी वाचली होती. लायकांना म्हणताना त्यांचा आवाज नेहमी अधिकच भरून येई.

ही रेघ पडली त्या दिवशी हातोडी कोणाच्या हातात होती? आणि चौथऱ्यावर कोण उभं होतं?

"काका, बरोबर आलंय ना?" रंगारी पाव चावत दारात आला होता.

"भाऊच बरोबर होतं रे," खर्जकाका म्हणाले. "मला तुझा हेवा वाटला, म्हणून टकटक केली."

 काका चौथऱ्यावरून उतरले, आणि वाचणारे टेकतात त्याच फरशीवर कसेबसे गुडघे टेकून त्यांनी कपाळ लावलं. उठताना रंगाऱ्याने धावत येऊन हात दिला, तो त्यांनी घेतला.

"टाक आणि दौत आण," ते म्हणाले.

"एकच तर शब्द आहे काका. मी करतो नीट."

"एकच नाही."

"मग? आणखी कुठल्या पानावर?"

खर्जकाका पुन्हा चौथऱ्यावर चढले होते. त्यांनी आणखी एक पान मागे उलटलं, मग आणखी एक.