कळसातलं पत्र

क्रेन तीन वाजता परत जाणार होती आणि रूझेनाबाईंचं पत्र अजून सरपंचांच्या पसंतीला उतरत नव्हतं.

चर्चच्या मनोऱ्यावरचा तांब्याचा गोळा मुलामा देण्यासाठी उतरवला होता. आज तो परत वर चढायचा होता. गोळ्यात आधीच्यांनी ठेवलेली नळी उघडायची, तिच्यातलं पत्र वाचायचं, त्यासोबत आपलं पत्र घालायचं आणि नळीचं तोंड डाख लावून, म्हणजे धातू वितळवून, बंद करायचं आणि सगळं परत वर पाठवायचं, अशी रीत. गावाची बखर एकतीस वर्षं रूझेनाबाई लिहीत होत्या, तेव्हा हे कामही त्यांच्याच गळ्यात.

सरपंच कोउदेला यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. ‘ओल्शिंका. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला तळं, मधून ओढा. घरं एकोणीस, माणसं त्रेचाळीस. शाळा बंद. दुकान बंद. तरुण ब्रनो शहरात गेले. हे पत्र वाचायला इथं कोणी उरेल असं वाटत नाही.’

“बाई, पत्र आहे की मयताची चिठ्ठी? नुसती काळी चौकट काढायची राहिलीय!”

“बखरीत मी आजवर खोटं अक्षर लिहिलेलं नाही. आज लिहू?”

“खोटं नको. पण ती शेवटची ओळ खोडा.”

“का खोडू?” बाई फटकन म्हणाल्या. ज्या शाळेत त्या स्वतः अक्षरं गिरवायला शिकल्या, ती बंद झाल्याची नोंद त्यांनाच करावी लागली होती. सकाळीच त्या गावाकडे शेवटचं बघून घ्यावं म्हणून मनोऱ्यावर चढल्या होत्या आणि नवव्या पायरीवर अडखळून गुडघा फोडून आल्या होत्या.

तेवढ्यात ओतकार तांबटानं जुनी नळी कापली. आतला कागद पिवळा पडला होता, पण अक्षर मोत्यासारखं. गावच्या मास्तरांनी १८८७ साली लिहिलेलं. बाईंनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

‘उत्तरेला टेकडी, दक्षिणेला तळं. तळं यंदा आटलं. बटाट्यावर रोग पडला. घरं सतरा, माणसं छत्तीस. तरुण विटा रचायला व्हिएन्नाला गेले. पुढच्या वेळी हा गोळा उतरवायला गावात कोणी असेल असं वाटत नाही.’

जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ओतकारनं पायाशी ठेवलेल्या गोळ्याकडे पाहिलं.

“मग हा उतरवला कोणी? भुतांनी?”

सगळे हसले. सरपंच तर डोळे पुसेपर्यंत हसले. “मास्तरही तुमच्यातलाच रडका दिसतोय, बाई!”

बाईंना हसू आलं आणि मास्तरांचा रागही आला. एवढं सुंदर अक्षर असलेला माणूस, आणि लिहिलं काय तर हे! समोर असते तर त्यांचा हात धरून तळं दाखवलं असतं, काठोकाठ भरलेलं. छत्तीसची त्रेचाळीस झाली मास्तर, असं सांगितलं असतं.

क्रेनवाल्यानं भोंगा वाजवला. बाईंनी कागद गुडघ्यावर ठेवला, शेवटच्या ओळीवर काट मारली आणि मान वर न करता विचारलं, “सरपंच, मनोऱ्याच्या जिन्याच्या दुरुस्तीचं काय झालं?”

“करतो म्हटलं ना! सुतार मिळाला की लगेच.”

“अकरा वर्षं झाली तुमच्या ‘लगेच’ला.”

त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद ओतकारच्या हातात दिला. सरपंचांनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“अहो, हे नका ना घालू! पुढची माणसं काय म्हणतील मला?”

“म्हणू देत,” बाई म्हणाल्या. “ओतकार, डाख लाव.”

ओतकारनं दोन्ही पत्रांची एकत्र गुंडाळी केली. शाई ओली असलेली ती ओळ सगळ्यात बाहेर आली. ‘मनोऱ्याची नववी पायरी डुगडुगते. वर याल तेव्हा जपून या.’