घरघर

धाप लागलेल्या आईला मागच्या सीटवर निजवलं आणि किल्ली फिरवली, तर गाडी नुसतीच कण्हली. घायकुतीला येऊन गॅरेजवाल्या काकांना फोन लावला.

"काका, पाया पडतो, काहीतरी करा!"

"फोन स्पीकरवर ठेव आणि सेल्फ मार. आवाजावरून सांगतो." त्यांनी कान देऊन ऐकलं. "बॅटरी ठणठणीत आहे रे, पेट्रोल चढायला वेळ लागतोय. किल्ली अर्धी फिरवून जरा थांब, मग सेल्फ मार. पण सेल्फ सोडल्यावरही ही घरघर कसली येतेय?"

किल्ली अर्धी फिरवली, जीव मुठीत धरून थांबलो, पुन्हा सेल्फ मारला. गाडी एकदाची सुरू झाली.

"सुटलास लेका!" काका खुशीत म्हणाले. "ती घरघरपण थांबली बघ."