यादीत नसलेली फाइल

मॅग्डलीन जाऊन महिना झाला, त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सानंतर तिच्या नवऱ्याला कळलं, तिचा लॅपटॉप बिघडलाय आणि दोन लाख फायलींची नावं पुसली गेलीत.

भाची सेरेना म्हणाली, "अंकल, प्रत्येक फाइलला आतल्या मजकुरावरून निघणारा स्वतःचा ठसा असतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या तयार फायलींचे ठसे एका यादीत आहेत. जुळतील त्या बाजूला काढते."

पाहुणे उठून जावेत तशा फायली जात राहिल्या. कुठल्याच यादीत नसलेली एकच उरली. मॅग्डलीनने लिहिलेली, वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून भरायच्या बाटली मसाल्याची कृती. शेवटची ओळ अर्धी होती.

"दरवर्षी मे महिन्यात तुम्हीच मसाला कुटायचात ना तिच्याबरोबर? पुढचं टाइप करा, या मेमध्ये मी करते."

"केलं तर ठसा हाच राहील?"

"नाही. एक अक्षर वाढलं तरी बदलतो."

मे संपला. ती ओळ अजून अर्धीच आहे.