गळ्यातलं बटण

"बटण का नाही दाबलंत, बाबा?"

मुलाचा आवाज चढला होता. बाबा पलंगावर आडवे होते. डावा पाय प्लास्टरमध्ये. सकाळी ते न्हाणीघरात घसरून पडले, आणि दुपारी ताई डबा घेऊन आली तेव्हा तिला तिथेच, ओल्या फरशीवर सापडले.

"गळ्यात काय शोभेला बांधून दिलंय का ते?"



"अरे, हळू बोल," ताई म्हणाली. "पडलेत ते, पळून नव्हते गेले."

मुलाने वाकून बाबांच्या गळ्यातल्या दोरीचं ते गोल बटण हातात घेतलं. ते त्याच्याच कंपनीचं होतं, आणि त्यामागचा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते दाबलं, की घरच्यांच्या फोनवर हाक जायची. पहिलं बटण त्याने बाबांनाच आणून दिलं. बाबांनी ते शर्टाच्या आत कधी ठेवलंच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून मुद्दाम बाहेर ठेवायचे, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांची करामत."

मुलाने अंगठ्याने बटण हलकेच दाबलं आणि सोडलं. त्याच्या खिशातला फोन लगेच वाजला.

"बघा. ठणठणीत चालतंय."

"हो रे," बाबा पुटपुटले. "तुझं बरोबरच असणार."

ठणठणीत चालतंय, असं तो ऑफिसातही म्हणाला होता. तिथे तपासणीचं काम एक बाई करायच्या. सगळं चाळून खडे काढतात, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं चाळणीबाई. बटण त्यांच्याकडे आलं, तसं त्यांनी ते गळ्यात घातलं आणि सगळ्यांदेखत टेबलाखाली जाऊन आडव्या झाल्या. पाय मुडपून, एक हात अंगाखाली अडकवून. मग डोळे मिटून बटण मुठीत आवळलं.

"काय मॅडम, झोप लागली का?" त्याने विचारलं. सगळं ऑफिस हसलं. कुणीतरी खुर्चीवरची उशीसुद्धा आणून दिली.

"तुमचा फोन वाजला का?" टेबलाखालून आवाज आला.

नव्हता वाजला.

"तुम्ही दाबून धरलंत, मॅडम. चुकून दाबलं गेलं तर हाक रद्द करायची सोय आहे ती. दाबून धरायचं, की हाक रद्द. मुद्दाम केलंय."

"पडलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो हो. सोडत नाही."

"असं कोण धरून बसतंय? मी कितीदा तरी दाबून पाहिलंय."

"तुम्ही दाबलंत. पण कधी सोडायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे ना!"

बाईंचं म्हणणं साधं होतं. ज्याने घर बांधलं, त्याचा पाय अंधारातही उंबऱ्याला अडखळत नाही. पायालाच सगळं पाठ झालेलं असतं. उंबरा उंच झालाय का, हे कळायला तिथे पहिल्यांदा येणाऱ्याचा पाय लागतो. बाई रोज तो पहिल्यांदा येणारा माणूस होऊन बघायच्या. तेच त्यांचं कसब होतं.

त्याला मात्र ती कटकट वाटली. "बाईंना खोडच आहे, सर," तो साहेबांना म्हणाला. "आहे तसंच जाऊ द्या." आणि ते तसंच गेलं.

"पाणी घ्या, बाबा," ताईने पेला पुढे केला. बाबांनी हात लांबवला.

त्यांच्या अंगठ्यावर एक काळानिळा वण उमटला होता. गोल, बरोबर बटणाएवढा. मधोमध कातडी सोलवटली होती.

मुलगा त्या वणाकडे बघतच राहिला. गळ्यातलं बटण अजून त्याच्या हातात होतं. ते त्याने बाबांच्या छातीवर अलगद ठेवलं.

"हे... कधी झालं, बाबा?"

बाबांनी अंगठा झटकन मुठीत लपवला. पाणी पिऊन त्यांनी पेला ताईला दिला आणि ती आत जाईपर्यंत थांबले. मग चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळून हसले.

"सोडायचं असतं होय रे ते? मी आपला तू येशील म्हणून धरूनच बसलो होतो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुझ्या ऑफिसात नको हं सांगूस. हसतील."